विचारण्याचा हक्क कोणाचा?

११ नोव्हेंबर २०२५. मी लीड्समध्ये रात्रपाळीवर होते. चहाच्या सुट्टीत मालवणहून काकीचा फोन आला, "गो, धर्मेंद्र गेलो म्हणान टीव्हीर सांगतत." थोड्याच वेळात हेमा मालिनी आणि ईशा देओल यांना जाहीर सांगावं लागलं की ते जिवंत आहेत, उपचार चालू आहेत. ते गेले २४ तारखेला.

मधल्या दिवसांत त्या घरासमोर कॅमेरे होते. १३ तारखेला सनी देओल बाहेर येऊन चिडले. आजारी माणसाच्या खोलीतला व्हिडिओही बाहेर पडला. मी नर्स आहे, तो पाहून माझे हातपाय गार पडले. मग अंत्यसंस्कार झाल्यावर नवे प्रश्न सुरू झाले: एवढी घाई का, चाहत्यांना अंत्यदर्शन का नाही, शोकसभा दोन ठिकाणी का?

इथे ब्रिटनमध्ये सगळं शहाणपण आहे असं मी म्हणणार नाही. २०२४ च्या जानेवारीत राजघराण्यातल्या केट यांचं ऑपरेशन झालं आणि त्या दिसेनाशा झाल्यावर लोकांनी वाट्टेल ते रचलं. त्यांची वैद्यकीय माहिती चोरून पाहण्याचा प्रयत्न झाल्याच्या बातम्याही आल्या. अखेर २२ मार्चला त्यांनी कॅमेऱ्यासमोर बसून कॅन्सर झाल्याचं सांगितलं. लेकरांना समजेल अशा शब्दांत सांगायला वेळ हवा होता, हेही त्यांनाच बोलावं लागलं. तरी इथल्या वर्तमानपत्रांच्या आचारसंहितेत दुःखात असलेल्या घराबद्दल वेगळं कलम आहे आणि ते मोडलं तर तक्रार करता येते.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. सुशांतसिंह राजपूत प्रकरणानंतर जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वाहिन्यांना स्पष्ट सांगितलं होतं की आत्महत्येच्या बातमीत मृताला दुबळ्या मनाचा ठरवू नका, त्याच्या खासगीपणात घुसू नका. त्याआधी, २०१८ मध्ये श्रीदेवी दुबईत गेल्या, तेव्हा स्टुडिओत बाथटब मांडून झाला होता. बघणारे आपणच होतो.

"ते प्रसिद्धीवर जगतात, मग सहन करावं," हे मी गावीही ऐकते. मला ते पटत नाही. त्यांनी आपल्याला सिनेमाचं तिकीट विकलं, आयसीयूचं नाही.

आमच्या वाडीत चौकशा कमी होत नाहीत. २०२० च्या एप्रिलमध्ये बाबा गेले. विमानं बंद होती, मी पोचू शकले नाही. 'लेक आली नाही' हे बोललं गेलं, माझ्या कानावर आलं, लागलंही. पण बोलणाऱ्यांनीच बाबांना खांदा दिला. सुतकात आमची चूल पेटली नाही, तर त्यांच्याच घरून आईसाठी पेज येत होती. इथे माझ्या शेजारणीने दारात एक कार्ड ठेवलं आणि काही विचारलं नाही. खरं सांगते, त्या आठवड्यात मला कोणीतरी विचारायला हवं होतं. म्हणून विचारपूस वाईट असं मी कधीच म्हणणार नाही. पण पेज घेऊन येणाऱ्याचा प्रश्न वेगळा, आणि फाटकाबाहेर माईक धरून उभ्या असलेल्याचा वेगळा. तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणाच्या फाटकाबाहेर असतो.

नोव्हेंबरच्या अखेरीस काकीचा पुन्हा फोन. "हेमा मालिनीन येगळी सभा कित्याक ठेवल्यान गो?"

मी तिला आजीच्या तेराव्याची आठवण करून दिली. बाबा आणि थोरले काका तेव्हा बोलत नव्हते. तेरावं दोन घरी झालं, दोन्हीकडे वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबार. सकाळी एका घरी, दुपारी दुसऱ्या घरी, वडे तळायला काकीच होती. वेगळं का, हे तिने दोघांपैकी कोणालाच आजवर विचारलेलं नाही.