‘खंबीर राहा, कॅन्सर हरेल’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर, नातेवाइकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. खाली हात जोडलेले, वर सूर्योदय. मजकूर थोडक्यात असा : कॅन्सर निम्मा मनात असतो, मनात कुढणाऱ्यांना तो होतो, खंबीर राहणारा बरा होतो, घाबरणारा जातो, म्हणून पेशंटसमोर आजाराचं आणि पुढचं काही बोलू नका, मनाच्या गोळ्या तर नकोतच, उपचार संपले की माणूस पूर्वीसारखा होतो.

पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, हे मान्य. पण माझ्या कळव्याच्या आत्याने हा मेसेज वाचला आणि केमोच्या तिसऱ्या सायकलला मला विचारलं, “मी रात्री रडते, त्याने गाठ वाढत असेल का रे?” म्हणून हे लिहितोय.

“कुढणाऱ्यांना होतो.” युरोपातल्या सुमारे 1 लाख 16 हजार नोकरदारांची माहिती एकत्र करून 2013 साली तपासणी झाली. कामाचा ताण आणि कॅन्सर यांचा संबंध त्यात दिसला नाही. ताणापायी माणूस तंबाखूकडे वळला तर गोष्ट वेगळी, पण तिथे गुन्हेगार तंबाखू. आयुष्यभर सगळ्यांचं ऐकून घेतलं म्हणून आत्याला गाठ झाली, हे तिच्या जावेचं संशोधन आहे. त्याला पुरावा नाही.

“खंबीर राहणारा बरा होतो.” या समजुतीला एकेकाळी आधार होता, हे सांगायलाच हवं. 1989 साली अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी स्तनाचा कॅन्सर शरीरात पसरलेल्या 86 बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गटात बसून मन मोकळं करणाऱ्या बायका जास्त जगल्या, असं त्यात दिसलं आणि जगभर गाजलं. पुढे 2001 मध्ये 235 बायकांवर तशीच चाचणी झाली. त्यांची मनःस्थिती सुधारली, वेदना कमी जाणवल्या, आयुष्य मात्र वाढलं नाही. 2007 मध्ये खुद्द स्पीगल यांनी पुन्हा चाचणी घेतली, तेव्हाही एकूण गटाचं आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. त्याच वर्षी तोंड, घसा अशा डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या 1,093 पेशंटांचा अभ्यास आला. मनाने ठीक असणं आणि जास्त जगणं यांचा संबंध तिथेही सापडला नाही.

म्हणजे गटात बसणं वाया का? मुळीच नाही. दुखणं कमी जाणवणं, रात्री झोप लागणं ही काय छोटी गोष्ट आहे? ती आयुष्याच्या हिशोबात न मोजता मिळायला हवी, एवढंच.

एक गुंतागुंत आहे. खोल निराशा असलेल्या पेशंटांमध्ये मृत्यूचं प्रमाण थोडं जास्त आढळतं, असं काही अभ्यास सांगतात. कारणांवर वाद आहे. आजार जास्त पसरलेला असला तर निराशाही जास्त, हे एक. निराश माणूस जेवत नाही, डोस चुकवतो, हे दुसरं. यातून निघतं ते एवढंच की निराशेवर उपचार करावेत. ‘रडू नकोस’ हा उपचार नव्हे.

“पुढचं बोलू नका.” सगळ्यात जास्त नुकसान हे वाक्य करतं. ठाण्याहून पनवेल लोकल पकडून खारघरला उतरायचं, रिक्षावाल्याला ‘टाटा’ म्हणजे टाटांचं कॅन्सर हॉस्पिटल सांगायचं, आणि तरी पेशंटला काही माहीत नाही असं घरच्यांनी समजायचं! तिला ठाऊक असतं. फक्त बोलायला कुणी उरत नाही. कॅन्सरमध्ये पुढचा काळ आखडतो : वर्षांचा हिशोब जाऊन पुढच्या स्कॅनपर्यंतचा राहतो. आत्या साडी घेताना ‘कशाला आता’ म्हणायची. आम्ही ‘असं बोलू नकोस’ म्हणून तोंड बंद करायचो. डॉक्टरांनी सरळ विचारलं, “भाचीच्या लग्नाला जायचंय ना? मग डोसची तारीख त्याप्रमाणे बघू.” ती बरी होईल असं वचन त्यात नव्हतं, तारीख होती. साडी त्यानंतर आली.

“मनाच्या गोळ्या नकोत.” ‘ठाण्याला पाठवा’, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, ही थट्टा करत वाढलेल्या आपल्या लोकांना मानसोपचारतज्ज्ञाचं नाव काढणं जड जातं, त्यात ठाणेकरांना तर जास्तच. पण कॅन्सरच्या दर सहा-सात पेशंटांत एकाला औपचारिक निदान होईल इतकं नैराश्य असतं. दोन आठवडे सलग कशातच मन नसणं, आपण घरावर ओझं आहोत असं वाटणं, मरणाचे विचार येणं, हे डॉक्टरांना सांगायचं. कधी कारण शरीरातच असतं : केमोबरोबर दिलेल्या स्टिरॉइडने झोप उडते, मानेला शेक म्हणजे रेडिएशन घेतल्यावर थायरॉइड मंदावतो. गोळ्या मात्र स्वतःहून घेऊ नयेत. स्तनाच्या कॅन्सरवरची टॅमॉक्सिफेन ही गोळी चालू असेल तर पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरची औषधं सहसा टाळतात, म्हणून कॅन्सरच्या आणि मनाच्या, दोन्ही डॉक्टरांना सगळी औषधं दाखवायची.

“उपचार संपले की पूर्वीसारखा.” अनेकांची भीती तिथेच सुरू होते. इतके दिवस रोज कुणीतरी तपासत होतं, आता तीन महिन्यांनी या म्हणतात. फॉलो-अपच्या आदल्या आठवड्यात पाठ दुखली तरी पोटात गोळा येतो. रिपोर्ट चांगला आल्यावरही हे लगेच जात नाही, आणि पेढे वाटणाऱ्या घरात ते सांगता येत नाही.

रात्री फारच जड झालं तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन 14416 चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर हा नंबर पाठवा. सूर्योदयाचं चित्र हवं असेल तर असू द्या.