उतार जुने, वेग नवा

पुरे झालं गोल्फमधलं हे ‘ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) अजून फास्ट करा’! ग्रीनचा वेग मोजायचा स्टिम्पमीटर म्हणजे 36 इंचांची पन्हळ. तिच्यावरून सुटलेला चेंडू सपाट जागी किती फूट घरंगळतो, ते मोजायचं, बस्स. 1970च्या दशकात अमेरिकेत साडेसहा फूट हा नेहमीचा आकडा होता. आज 12-13 हवेत! कशासाठी?

अहो, ते उतार आखले तेव्हा गवत पाच-सहा मिलिमीटर ठेवायचे. आता तीनच्या आसपास कापायचं, वर रोलर फिरवायचा, पाणी तोडायचं, आणि उतार मात्र तेच! हिशेब तरी करा. वेग 7 फुटांवरून 12 वर नेला, तर 4 टक्के उतारावरून खाली हलकेच टोलवलेला चेंडू पावणेदोनपट नव्हे, जवळजवळ तिप्पट लांब पळतो.

1998ची यूएस ओपन स्पर्धा, सॅन फ्रान्सिस्कोचा ऑलिंपिक क्लब, 18वं ग्रीन: गोल्फपटू पेन स्टुअर्टचा चेंडू होल हुकून खाली घरंगळतच राहिला. 2004, तीच स्पर्धा, न्यूयॉर्क राज्यातलं शिनेकॉक मैदान, सातवं ग्रीन: शेवटच्या दिवशी चेंडू थांबेना म्हणून खेळ चालू असताना मध्येच पाणी मारावं लागलं. मग आधी खेळले त्यांनी काय पाप केलं होतं? एकाच दिवशी, एकाच होलवर दोन वेगळी ग्रीन, ही कुठली कसोटी?

वेग हवाच असेल तर होलभोवतीचे तीन-चार फूट तरी सौम्य निवडा, 2-3 टक्के उताराच्या आत. तेवढी जागा सापडत नाही? मग ते ग्रीन 10 वरच ठेवा! आणि गवताचं काय? इतकं खरवडल्यावर उन्हाळ्यात ते मरतं, तेव्हा शिव्या मात्र माळ्याला.