चंद्रावरचे दगड खोटे म्हणणाऱ्यांसाठी, नागपूरहून

अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्रावरून आणलेले दगड बनावट आहेत, असं सांगणारा एक व्हिडिओ सध्या आपल्याकडच्या बऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. आमच्या लेआउटच्या ग्रुपवर आला, मॉर्निंग वॉकवाल्यांच्या ग्रुपवर आला. मग शाळेत भूगोल शिकवणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी तोच मला पाठवला आणि विचारलं, "सर, मुलं वर्गात हेच विचारतात. काय सांगू?" नोकरीची सगळी वर्षं मी भूगर्भशास्त्र शिकवण्यात घालवली. या प्रश्नाला दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

व्हिडिओतला सगळ्यात वजनदार मुद्दा नेदरलँड्सचा आहे. तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात चंद्राचा म्हणून जपलेला दगड तपासला तर लाकूड निघालं, असं त्यात सांगतात. ही गोष्ट खरी आहे, पण व्हिडिओत ती अर्धीच येते. १९६९ साली अपोलो ११ चे अंतराळवीर युरोपच्या दौऱ्यावर होते. तेव्हा अमेरिकेच्या राजदूतांनी नेदरलँड्सचे माजी पंतप्रधान विलेम द्रेस यांना एक वस्तू खाजगी भेट म्हणून दिली. द्रेस वारल्यानंतर ती ॲमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयात गेली आणि २००९ साली तपासणीत ते अश्मीभूत लाकूड असल्याचं कळलं. आता उरलेली अर्धी बाजू. अपोलो ११ चे नमुने अमेरिकेने देशोदेशी वाटले ते त्यानंतर, म्हणजे १९७० मध्ये. प्रत्येक देशाला मिळाले चार बारीक कण, सगळे मिळून साधारण ५० मिलिग्रॅम, पारदर्शक गोळ्यात बंद केलेले आणि नोंद असलेले. नेदरलँड्सला हे खरे कणही मिळाले आहेत. मुठीत धरता येईल एवढा दगड १९६९ साली कुणाला भेट देतील, हेच मुळात संभवत नाही.

आणि या प्रकरणातून सिद्ध काय होतं? चंद्राचा दगड म्हणून ठेवलेली खोटी वस्तू भूशास्त्रज्ञांच्या हातात पडली आणि पकडली गेली. म्हणजे ती पकडता येते. अपोलोच्या सहा मोहिमांनी १९६९ ते १९७२ या काळात एकूण ३८२ किलो दगड-माती आणली. पन्नासहून जास्त वर्षं तिचे तुकडे जगभरच्या प्रयोगशाळांत कापले, घासले, विरघळवले, वितळवले जात आहेत. लाकडाचा एक तुकडा जिथे टिकला नाही, तिथे ३८२ किलो खोटा माल एवढी वर्षं टिकला असता का?

माझं म्हणणं साधं आहे. नासावर विश्वास ठेवा असं मी कुणालाच सांगत नाही. अमेरिकेच्या सरकारवर तर अजिबात नाही. दगड काय सांगतो ते बघा, कारण तो कुणाच्या बाजूने बोलत नाही.

आपल्यापासूनच सुरू करू. नागपूरच्या पश्चिमेकडचे लोक दख्खनच्या काळ्या दगडावर राहतात. सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स, तिथून पुढे काटोल-कोंढाळीकडे जाल तसतसा सगळा बेसॉल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. आपल्या रस्त्यांवर, स्लॅबमध्ये गिट्टी पडते ती याचीच. त्याचा एक तुकडा घ्या, चकती कापा, काचेच्या पट्टीवर चिकटवा आणि कार्बोरंडमच्या पावडरीवर घासत घासत ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत आणा. हाताला सवय नसेल तर शेवटच्या टप्प्यात अख्खी चकतीच निघून जाते. जमली, की जो फत्तर उन्हात ठार काळा दिसतो तो आरपार दिसायला लागतो. पोलरायझिंग मायक्रोस्कोपखाली प्लॅजिओक्लेज या खनिजाच्या काड्या राखाडी-पांढऱ्या पट्ट्यांनी उजळतात, पायरॉक्सिन हे दुसरं खनिज पिवळं, निळं, जांभळं होतं. दरवर्षी पहिल्यांदा मायक्रोस्कोपला डोळा लावणारी मुलं हे बघून गप्प होतात.

पण नीट पाहिलं की जागोजाग पाण्याच्या खुणा दिसतात. ऑलिव्हिन या तिसऱ्या खनिजाच्या कडा लालसर-तपकिरी झालेल्या असतात. भेगांमध्ये हिरवट, मातकट खनिज भरलेलं असतं. लाव्हातला वायू निघून गेल्यावर राहिलेल्या पोकळ्यांत झिओलाइट आणि कॅल्साइट ही पाण्यातून साचणारी खनिजं बसलेली असतात. पृथ्वीवरचा दगड पाण्यापासून सुटत नाही.

आता अपोलोच्या बेसॉल्टच्या अशाच घासलेल्या चकत्यांचे, म्हणजे छेदांचे, फोटो पाहा, नेटवर फुकट आहेत. खनिजं ओळखीचीच: प्लॅजिओक्लेज, पायरॉक्सिन, काहींत ऑलिव्हिन. दगड ३०० ते ३८० कोटी वर्षांचा, म्हणजे आपल्या सीताबर्डीपेक्षा निदान ४५ पट म्हातारा, आणि तरी ऑलिव्हिनची कड स्वच्छ. झिओलाइट नाही, माती झालेलं खनिज नाही. लोखंडाचे धातूरूप कण आहेत आणि त्यांवर गंज नाही. गंजाचे मोजके अपवाद आहेत, तेही शास्त्रज्ञांनीच नोंदवून छापलेत. अपोलो ११ च्या बेसॉल्टमध्ये टायटॅनियम ऑक्साइड १० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त आहे. आपल्या दख्खनच्या दगडात ते ढोबळमानाने २-३ टक्के असतं. कुठल्या भट्टीत हा दगड ओतणार? आणि ओतला तरी त्याचं वय ३५० कोटी वर्षं कसं करणार? युरेनियम-शिसं, रुबिडियम-स्ट्रॉन्शियम, पोटॅशियम-आर्गॉन ही दगडाचं वय सांगणारी वेगवेगळी घड्याळं आहेत: एक अणू ठरलेल्या गतीने दुसऱ्यात बदलत जातो, आणि प्रत्येकाचा वेग वेगळा. ती सगळी एकाच वेळी खोटी लावणं १९६९ च्याच काय, आजच्याही तंत्राच्या आवाक्यात नाही.

आमच्या लेआउटमध्ये इंजिनिअरिंगचा एक मुलगा आहे. हुशार आहे आणि वाद घालतो तो मनापासून. त्याने लगेच पुढचा मुद्दा काढला: "काकाजी, हे दगड अंटार्क्टिकातून उचलले. चंद्राचे अशनी, आकाशातून येणारे दगड, पडतात ना तिथे? रॉकेटवाला फॉन ब्राउन अपोलोच्या आधी तिथे कशाला गेला होता मग?"

फॉन ब्राउन अंटार्क्टिकाला गेला होता हे खरं. १९६६-६७ च्या मोसमात गेला होता. पण अंटार्क्टिकाच्या बर्फावर अशनी एकेका जागी गोळा होतात, हे लक्षात आलं डिसेंबर १९६९ मध्ये, जपानी तुकडीला यामातो पर्वतांजवळ नऊ अशनी मिळाले तेव्हा. अपोलो ११ त्याच्या पाच महिने आधी परत आलं होतं. चंद्राचा अशनी म्हणून पहिल्यांदा ओळखला गेलेला तुकडा जानेवारी १९८२ मध्ये सापडला. वजन ३१ ग्रॅम. आणि तो चंद्राचा आहे हे कशावरून ठरवलं? अपोलोच्या दगडांशी ताडून! शिवाय वातावरणातून येणाऱ्या अशनीवर वितळलेल्या दगडाची काळी साल असते, ती अपोलोच्या दगडांवर नाही. उलट त्यांच्या उघड्या बाजूवर सूक्ष्म उल्काकणांच्या माऱ्याने पडलेले, आतून काचेचं अस्तर असलेले बारीक खड्डे आहेत. पृथ्वीवर असे कण हवेतच जळून जातात. आणि मातीचं काय? अपोलो १७ ने जवळजवळ ३ मीटर खोल ड्रिल करून थरांसकट माती आणली. असा थरांचा गाभा आकाशातून पडत नाही.

पण माझ्या मते सगळ्यात पक्का पुरावा वेगळाच आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ऑगस्ट १९७२ मध्ये सूर्यावर प्रचंड ज्वाला उसळल्या. अंतराळयुगातल्या सर्वांत मोठ्या सौर घटनांमध्ये त्यांची गणना होते. त्यांतून सुटलेले प्रोटॉन लोखंडाच्या अणूवर आदळले की कोबाल्ट-५६ तयार होतो. हा किरणोत्सारी अणू टिकाऊ नाही, दर ७७ दिवसांनी निम्मा होतो. अपोलो १७ चंद्रावर उतरलं ११ डिसेंबर १९७२ ला. दगड पृथ्वीवर आल्या आल्या त्यांतून निघणाऱ्या गॅमा किरणांची मोजणी झाली आणि त्यांत ऑगस्टच्या ज्वालांनी बनवलेला कोबाल्ट-५६ सापडला.

याचा अर्थ लक्षात घ्या. चार महिन्यांपूर्वी हे दगड वातावरणाबाहेर, थेट सूर्यासमोर उघडे पडलेले होते. अंटार्क्टिकात हजारो वर्षं पडलेल्या अशनीत ७७ दिवसांचं अर्धायुष्य असलेला अणू उरूच शकत नाही. कारखान्यात बनवायचं म्हटलं, तर ऑगस्टच्या ज्वालांनंतर अवघ्या चार महिन्यांत तो अणू दगडांत घालावा लागला असता. हा मुद्दा मी त्या मुलाला समजावून सांगितला. तो बराच वेळ मोबाइलवर शोधत बसला आणि म्हणाला, "यावर त्या व्हिडिओत काहीच नाही." नाहीच. असे व्हिडिओ झेंडा का हलला, सावली तिरकी का पडली, यातच फिरतात. दगडाच्या आत कुणी शिरत नाही.

त्या मुलाचा एक मुद्दा मात्र मला रास्त वाटला. सगळे नमुने नासाच्या ह्यूस्टनमधल्या एकाच कोठारातून येतात, मग जगभरच्या प्रयोगशाळा एकाच हातावर विसंबून राहिल्या ना? प्रश्न बरोबर आहे, आणि त्याला उत्तरही आहे. सोव्हिएत युनियनच्या लूना १६ ने १९७० साली माणसाशिवाय, यंत्राच्या हाताने १०१ ग्रॅम माती आणली. शीतयुद्ध ऐन भरात होतं. १९७१ मध्ये दोन्ही देशांनी काही ग्रॅमची अदलाबदल केली आणि एकमेकांचे नमुने तपासले. अमेरिकेची अब्रू काढायची एवढी मोठी संधी मॉस्कोने सोडली असती का? २०२० मध्ये चीनच्या चांग-अ ५ ने १,७३१ ग्रॅम नमुने आणले. त्यांतला बेसॉल्ट सुमारे २०० कोटी वर्षांचा निघाला, अपोलोच्या बेसॉल्टपेक्षा बराच तरुण. ही उतरण्याची जागा निवडली तीच मुळी तिथला लाव्हा तरुण असावा या अंदाजाने. विवरांच्या संख्येवरून पृष्ठभागाचं वय काढायची (विवरं जास्त, तर पृष्ठभाग जुना) जी पद्धत आहे, ती अपोलोच्या दगडांच्या वयांवर बेतलेली आहे. तो आधारच खोटा असता तर चीनचा अंदाज कोसळला असता.

ह्यूस्टनचा कारभार अगदी चोख होता असं मी म्हणणार नाही. संशोधनासाठी आणि प्रदर्शनासाठी दिलेले ५१७ नमुने १९७० ते २०१० या काळात हरवले किंवा चोरीला गेले, हे नासाच्या स्वतःच्या लेखापरीक्षणात आलं आहे. त्यात चंद्राचे दगड होते, अशनी होते, बाकीही अंतराळातला माल होता. ही बेपर्वाई आहे आणि तिचा मला संताप येतो. पण हरवलेला दगड आणि खोटा दगड या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

आता आपल्या घरचं बोलतो, कारण मला सगळ्यात जास्त लागतं ते हे. चांद्रयान ३ उतरल्यापासून एक वाक्य फार ऐकू येतं: "चंद्रावर खरे गेलो ते आपणच, अमेरिकेने नुसतं नाटक केलं." हे बोलणाऱ्याला वाटतं की आपण देशाची बाजू घेतोय. प्रत्यक्षात तो आपल्याच शास्त्रज्ञांना खोटं पाडत असतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्या गटाने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अपोलोच्या नमुन्यांवर काम केलं. वैश्विक किरणांतली जड अणुकेंद्रकं स्फटिकात घुसली की आपल्या वाटेवर इजा करतात. स्फटिक रसायनात बुडवला की ते माग मायक्रोस्कोपखाली दिसायला लागतात आणि त्यांच्या संख्येवरून तो कण चंद्राच्या पृष्ठभागावर किती काळ उघडा होता ते कळतं. पुढे अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतही हे काम चाललं. आपल्या माणसांनी आपल्या हातांनी मोजलेले माग आहेत ते. तेही नाटक होतं?

विदर्भाचाही यात वाटा आहे. चंद्रावरचे काळे भाग बेसॉल्टचे आणि पृथ्वीवर बेसॉल्टमध्ये आघाताने झालेली विवरं फार थोडी. त्यातलं सर्वांत चांगलं टिकलेलं आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, लोणारला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेची स्मिथसोनियन संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी तिथे बोअर घेतले. आघाताच्या दाबाने प्लॅजिओक्लेजची काच होते, तिला मॅस्केलिनाइट म्हणतात. ती लोणारच्या दगडात मिळाली आणि १९७३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चंद्राच्या दगडांवरचा आघात समजून घ्यायला जगाने लोणारचा दगड समोर ठेवला, ही गोष्ट आपल्या शाळांत किती मुलांना सांगितली जाते?

आणि चांद्रयान ३ ने काय दाखवलं तेही पाहा. अपोलो ११ ने आणलेल्या काळ्या मातीत पांढऱ्या दगडाचे काही मिलिमीटरचे कण होते. त्यांवरून १९७० मध्ये शास्त्रज्ञांनी तर्क मांडला की सुरुवातीला चंद्र वितळलेला होता, हलकं प्लॅजिओक्लेज सायीसारखं वर तरंगलं आणि त्याचं कवच झालं. बरोबर असेल तर चंद्राचे उंच प्रदेश सगळीकडे याच दगडाचे, अनॉर्थोसाइटचे असायला हवेत. ५३ वर्षांनी, अपोलो कधी गेलंच नव्हतं अशा दक्षिणेकडच्या भागात, आपलं प्रज्ञान सुमारे १०० मीटर चाललं आणि त्याने २३ ठिकाणी मातीची मोजणी केली. ऑगस्ट २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये अहमदाबादच्या संतोष वडवळे आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. माती मुख्यतः त्याच जातीच्या अनॉर्थोसाइटची होती. अपोलोच्या चिमूटभर मातीवरून बांधलेल्या तर्काला भारताच्या यंत्राने दुजोरा दिला. अपोलोचे दगड खोटे ठरवले, तर प्रज्ञानच्या मोजणीचं काय करायचं, हे मला कुणीतरी सांगावं.

शंका घेणाऱ्यांवर माझा राग नाही. "तुम्ही जाऊन पायलं का?" हा प्रश्न चांगला आहे, विज्ञान त्याच प्रश्नावर चालतं. माझा राग प्रश्न विचारून उत्तर येण्याआधी पुढच्या व्हिडिओवर जाणाऱ्यांवर आहे. आणि त्याहून जास्त राग शाळा-कॉलेजांवर आहे, जिथे दगड अजूनही काचेच्या कपाटात, चिठ्ठी लावून, कुलपात असतात. मुलाने कधी दगड कापलेलाच नसेल तर दगड कापून काय कळतं हे त्याने कुठून जाणायचं?

माझ्याकडे घासायची काच, पावडर आणि एक जुना पण चालू मायक्रोस्कोप आहे. हिंगणा, वाडी, कोंढाळी, कुठूनही एक काळा दगड उचला आणि शाळेतल्या मुलांना घेऊन रविवारी सकाळी या. आधी इनबॉक्समध्ये कळवा, कारण एक छेद नीट उतरायला निम्मा दिवस जातो आणि एका वेळी चार-पाच मुलांहून जास्त बसत नाहीत. ज्यांना अपोलोचे दगड खोटे वाटतात, त्यांनी आधी या.