उगाळा, चाटवा, गप्प बसा

दुसऱ्याच्या घरातलं बाळ खोकलं की तुमचे हात शिवशिवतात ना? शिवशिवायलाच हवेत. पदवी-बिदवी काही लागत नाही, बाळगुटी उगाळायला एक सहाण पुरते. गेल्या आठवड्यात माझ्या आठ महिन्यांच्या लेकावर असा प्रयोग झाला, म्हणून चार युक्त्या सांगते.

आधी आई अंघोळीला जाईपर्यंत दम धरा. हल्लीच्या आया फार प्रश्न विचारतात.

मग मध. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका, त्यात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, तान्ह्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात, असं बालरोगतज्ज्ञ घसा कोरडा करून सांगतात. सांगू द्या. आपला मध गावाकडचा, एकदम प्युअर! बीजाणूंनाही भेसळ चालत नसणार.

वेखंड हवंच. अमेरिकेने ते १९६८ सालीच खाद्यपदार्थांतून हद्दपार केलं, पण त्यांना काय कळतंय, त्यांच्या घरात सहाण आहे का?

कापराची पुरचुंडी गळ्यात बांधा. बाळाने ती चघळली आणि आकडी आली, तर दृष्ट काढायला मीठ-मोहरी आहेच.

गुटीच्या पुडीवर घटक लिहिलेले नसले तर फारच छान. २००४ साली छापून आलेल्या एका अभ्यासात बोस्टनच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली होती, त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. वाचलं की उगीच मन खट्टू होतं.

लस चुकली तरी चालेल, पुष्य नक्षत्राला चाटवायचं सुवर्णप्राशन चुकवू नका.

आता खरी कला, जायफळाचे सहाणेवरचे वेढे. डॉक्टर बिचारा तापाचं औषध देतानाही बाळाचं वजन करतो, ड्रॉपरवरची रेघ दाखवतो. तुमचं माप मनगटात. जायफळ केवढं, सहाण खरखरीत की गुळगुळीत, वेढे दोन की दहा? "थोडंसंच गं." त्या दिवशी लेक बाराला झोपला तो चार वाजले तरी दूध मागेना. समोरच्या काकू म्हणाल्या, "बघ, कसा शांत झोपलाय." पाचला उचलला तर मान माझ्या दंडावर लुळी पडली. तळव्यावर टिचक्या मारल्या, पाय आखडून घेईना. रिक्षा, कॅज्युअल्टी, इवल्याशा अंगठ्याला लाल दिव्याची चिमटी. डॉक्टरांनी विचारलं, "काही दिलं होतंत का?" काकू सोबत होत्या. म्हणाल्या, "काही नाही." तीनदा विचारलं, तीनदा काही नाही. मेंदूज्वर तर नाही ना, हे बघायला पाठीतलं पाणी काढायची तयारी सुरू झाली. मी त्याच्या तोंडाशी तोंड नेलं तर श्रीखंडाचा वास. आमच्याकडे दसऱ्यानंतर श्रीखंड झालेलं नाही. तेव्हा कुठे काकू पुटपुटल्या, "अगं, ते काय औषध आहे? झाडपाला तो."

औषध नव्हतं तर दिलंत कशाला? आणि औषध होतं तर लपवलंत कशाला?

झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतात म्हणे! धोतरा कुठे उगवतो, कारखान्यात? कण्हेर? बचनाग? परिणाम होतो म्हणूनच देता ना? मग जास्त झालं की जास्त परिणाम होणार, एवढंही कळू नये? आणि ते "आम्ही नाही का गुटीवर वाढलो" पुन्हा ऐकवू नका. तुमच्या आईची जी दोन मुलं पाळण्यातच गेली, तीही गुटीवरच होती.

लेकाला पहाटे चारला जाग आली, भुकेने टाहो फोडला, अख्खा वॉर्ड उठवला. तोवर रात्रभर मी त्याची छाती हलतेय का बघत बसले होते. काकू साडेआठलाच घरी गेल्या होत्या, त्यांची सिरियल होती.

यापुढे माझ्या पोराला काही चाटवायचं असेल तर आधी मला विचारा. मी नाही म्हणेन. मग आपापल्या घरी जा.