शकुंतला वाचवायची आहे? आधी फ्लेक्स छापा

मूर्तिजापूरहून रेल्वेचा एक फाटा यवतमाळला जातो, 113 किलोमीटर. दुसरा अचलपूरला, 76 किलोमीटर. जातो म्हणजे जात होता. हल्ली त्यावरून बकऱ्या जातात. हीच आपली शकुंतला. विसरलं जाण्याचा योग नावातच होता, त्याला कोण काय करणार! तर रुळांत अडीच फुटांचं अंतर असलेली ही गाडी पुन्हा रुळावर आणायची तुमची इच्छा आहे, चार उत्साही पोरं जमली आहेत आणि गावाचा पाठिंबा कसा मिळवायचा एवढाच प्रश्न उरला आहे. योग्य माणसाकडे आलात. मी अशा तीन समित्यांवर होतो. तिन्ही अजून टिकून आहेत, गाडीचं तेवढं सांगता येत नाही.

सगळ्यात आधी, विळा विकत घेऊ नका. रुळांत गाजरगवत आहे, बाभळी आहेत, काही ठिकाणी बेशरम छातीपर्यंत आली आहे, हे खरं. पण ते उपटायला लागलात की लोक विचारतील, कोणाच्या परवानगीनं? आणि ते रास्तही आहे. ही लाइन किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीच्या कंपनीनं वऱ्हाडचा कापूस वाहायला टाकली. पुढं गाडी चालवायची सरकारनं आणि रूळ कंपनीचे, असा संसार कितीतरी वर्षं चालला. म्हणजे गवत नेमकं कोणाचं, हे ठरवायलाच एक उपसमिती लागेल. नेमून टाका. अध्यक्षपद एखाद्या माजी सदस्याला द्या, माजी माणसाला वेळ असतो.

मग फ्लेक्स. त्यावर फोटो दार्जिलिंगचा टाकला तरी चालतो, धूर छान येतो. दार्जिलिंगचे रूळ दोन फुटांचे आणि आपले अडीच फुटांचे, हा फरक गावात एकाच माणसाला कळतो. तो म्हणजे रिटायर्ड गँगमन बुढा. त्याला कार्यक्रमाचं आमंत्रण देऊ नका. तो आला की विचारतो, "फिशप्लेटा कुठं गेल्या बे?" फिशप्लेट म्हणजे रूळ जोडायची लोखंडी पट्टी. आणि त्या कुठं गेल्या हे निम्म्या सभेला माहीत असतं. निम्म्या सभेच्या गोठ्याला त्याच लागल्या आहेत.

बुढ्याचं आणखी एक वाईट आहे. त्याला कामाचं कळतं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची गिट्टी ती गिळून बसते. म्हणून आधी बाजूच्या नाल्या मोकळ्या करा, मग गिट्टी टाका, मग रुळाखालचे स्लीपर बदला आणि शेवटी रुळातलं अंतर मोजा, असं तो सांगतो. हा क्रम समितीला परवडत नाही. नाली साफ करतानाचा फोटो कोण लावतं? समितीचा क्रम वेगळा असतो : आधी उद्घाटन, मग शाल, मग चहा, आणि नाली पुढच्या वर्षी.

वेल्समधल्या तालिलिनचं उदाहरण भाषणात जरूर द्या. पाटीचा दगड वाहणारी ती चिमुकली गाडी 1951 साली स्वयंसेवकांनी हाती घेतली. जगात असं पहिल्यांदा घडलं. तिथले रूळ म्हणे गवतानंच जागेवर धरून ठेवले होते. मालक वारले, त्यांच्या पत्नीनं शेअर या मंडळींच्या हवाली केले, आणि लोक सुट्टीच्या दिवशी येऊन फावडी मारू लागले. भाषण इथंच थांबवा. फावड्याच्या पुढं गेलात तर समोरच्या चार पोरांना खरंच वाटेल की उद्या सकाळी यायचं आहे.

त्याऐवजी अभ्यासदौरा काढा. या लाइनीवर दारव्हा मोतीबाग नावाचं स्टेशन आहे, तिथं नेऊ नका, तिथं ऊन फार. नागपूरच्या मोतीबागेत 2002 पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे, तिथं न्या. मोतीबाग ती मोतीबाग. परतताना सावजी. दौऱ्याचा अहवाल लिहिताना सावजी वगळायचं लक्षात ठेवा.

आता पाठिंबा. इथं बरेच भले लोक चुकतात, कारण ते सगळ्यांना एकच गोष्ट सांगतात. पुण्या-मुंबईच्या गाडीवेड्यांना सांगा की वाफेचं इंजिन आणू. 1921 साली मँचेस्टरला बनलेलं इंजिन 1994 पर्यंत इथं राबलं, हे ऐकून त्यांचे डोळे भरून येतात. (आपला कापूस तिकडं गेला आणि तिकडून इंजिन आलं; भाव कोणाला जास्त मिळाला, ते विचारू नका.) अचलपूरच्या संत्रेवाल्यांना सांगा, ब्रॉडगेज करू, संत्रा थेट दिल्लीला. अंजनगावच्या पानमळेवाल्यांनाही तेच. ऑटोवाल्यांच्या कानात सांगा, काळजी नको, गाडी काही येत नाही. यातलं तिसरं वचन तरी पाळलं जाईल.

अडीच फुटांचा वारसा आणि साडेपाच फुटांच्या ब्रॉडगेजची मागणी एकाच निवेदनात बसते का, असं एखादा मास्तर विचारेल. बसते. पानाच्या पुढच्या बाजूला एक, मागच्या बाजूला दुसरी. साहेब निवेदन उलटवून पाहत नाहीत.

अडचण येते ती फक्त त्या आजीची. रुळांच्या मधोमध तिनं तूर वाळत घातलेली असते. दोन्ही बाजूंनी लोखंड, तूर इकडंतिकडं सांडत नाही, तिच्या दृष्टीनं लाइन त्यासाठीच टाकली आहे. तिला वारसा समजावून सांगा, तास गेला तरी जाऊ द्या. ती ऐकून घेईल आणि म्हणेल, "मी काढतो ना बाप्पा तूर. पन गाडी येऊ तं द्या." मग स्वतःहूनच सांगेल की याच गाडीनं ती लग्न होऊन आली, कारंज्याला गाडी थांबली तेव्हा सासऱ्यानं खाली उतरून भजे आणले, गाडी सुटली तरी चार पावलं पळून चढला. तिला विचारा, तिकीट किती होतं? ती हसेल. तिकीट कोण काढत होतं?

हे शेवटचं वाक्य मिनिटबुकात घेऊ नका.

एवढं सगळं नीट केलं तर पुढची वीस वर्षं समितीला धोका नाही. एकच भीती राहते. ती चार पोरं मूर्खासारखी बुढ्याच्या नादी लागतात. परवा रविवारी पहाटे मी फिरायला गेलो तर पाच जण रुळांत वाकलेले. बुढ्याच्या हातात पाना, पोरांच्या हातात विळे, आणि आजी तूर गोळा करून एका बाजूला सरकवत होती. दीडशे पावलं लाइन मोकळी झाली होती. मी तिथंच अध्यक्षांना फोन लावला. म्हटलं, भाऊ, लवकर या, आणि येताना फ्लेक्स घेऊन या.