दीडपट पगार, पण हातात किती?

‘लाकूडकामाचा मशीन ऑपरेटर पुण्यात मराठवाड्याच्या दीडपट कमावतो’ हे एका लेखातलं वाक्य वाचलं. आकड्यावर वाद नाही, पण दीडपट उरतं का? माझा भाचा चाकणला पॅकिंगच्या लाकडी पेट्या बनवणाऱ्या युनिटात कटिंगला आहे. 22 हजार मिळतात. खोलीभाडं, मेस आणि गावाकडच्या खेपा वजा करा, लातूरला घरचं जेवून 15 हजारांवर काम करणारा त्याचा दोस्त बरोबरीला येतो. वर पगाराने 21 हजारांची मर्यादा ओलांडली की ईएसआय या सरकारी कामगार विम्यातून नाव गळतं. ते पण अशा धंद्यात, जिथे जुन्या मिस्त्रीची दहाही बोटं शाबूत दिसली की लोक नवल करतात!

आणि लेखात एक गोष्ट राहूनच गेली. दर गावापेक्षा हातातल्या कामावर जास्त ठरतो. सॉ मिलमध्ये नुसता ओंडका पुढे सरकवणारा आणि करवतीच्या पट्ट्याचे दात स्वतः नीट करून धार लावणारा, यांच्या मजुरीत एकाच गावात चांगलाच फरक असतो. आवाज जरा बदलला की दुसरा लगेच मशीन बंद करतो, किनवटचा महागडा साग वाया जाऊ देत नाही. अशा माणसाला मालक उचल देऊन धरून ठेवतो, पगार मात्र वाढवत नाही. कायद्यात जादा तासांना दुप्पट दर लिहिलाय. आमच्याकडे त्याला ‘चहापाण्याला घे’ म्हणतात.