"पाणीटंचाई हे थोतांड" म्हणणाऱ्या मेसेजला कोल्हापुरातून उत्तर

"पृथ्वीचा 71 टक्के भाग पाणीच आहे, त्यातला एक थेंबही कमी होत नाही, समुद्राचं पाणी गोडं करा नाहीतर धरणं बांधा विषय मिटला, आणि कोल्हापूरला तर पूर येतोय मग टंचाई कसली, गटाराचं पाणी परत वापरा म्हणणारे तर येडेच" असा मेसेज सध्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय आणि खाली अंगठ्यांची रांग लागलीय. एकेक घेऊया.

71 टक्के बरोबर. पण त्यातलं साडेसत्त्याण्णव टक्के खारं, उरलेल्या गोड्यातलं दोन तृतीयांशाच्या वर बर्फात अडकलेलं, आणि बाकीचं बहुतेक जमिनीखाली. नद्या-तळ्यांच्या वाट्याला गोड्या पाण्यातला अर्धा टक्काही येत नाही. पुढं चला.

"थेंब कमी होत नाही." मान्य, पण तो थेंब कुठं आहे आणि कसा आहे ते कोण बघणार? 2012 ला इचलकरंजीत दूषित पाण्यानं काविळीची साथ आली, माणसं दगावली, पाणी होतं की तेव्हा. 2016 ला लातूरला मिरजेतनं रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, त्या वर्षी पृथ्वीवरचं पाणी काय कमी झालं होतं होय?

आता समुद्राचं पाणी, ह्यावर लोक लई खूश आहेत. तंत्र खरं आहे, चेन्नईत असे प्रकल्प चालू आहेत, इस्रायल पितंय. पण हजार लिटर खारं पाणी गोडं करायला साधारण तीन ते चार युनिट वीज लागते. वर ते कोकणातनं घाट चढवून इकडं आणायचं तर सहाशे मीटर उचलायला पंपाची अजून दोनेक युनिट धरा, म्हणजे झाली साडेपाच. प्यायला परवडेल एकवेळ. पण आपल्याकडं पाणी पितो कोण? ऊस. एक एकर उसाला वर्षाला ढोबळ ऐंशी लाख लिटर धरलं तर चव्वेचाळीस हजार युनिट झाली, सात रुपयानं तीन लाखाच्या वर बिल. एकरी चाळीस टन निघाला आणि टनाला तीन-साडेतीन हजार मिळाले तरी हातात सव्वा-दीड लाख. म्हणजे विजेच्या बिलातच अख्खा ऊस गेला, खत-मजुरी तर अजून धरलीच नाही. आणि प्लांटमधनं उरलेलं दुप्पट खारं पाणी परत समुद्रातच सोडायचं, तिथल्या मासेमारी करणाऱ्यांना विचारलंय का कुणी?

"धरणं बांधा." अहो, राधानगरीसारखं धरण शाहू महाराजांनी हाती घेतलं, कोल्हापूर पद्धतीचे बंधारे तर आपल्याच नावाने ओळखले जातात, काळम्मावाडी आहे, तरी उन्हाळ्यात उपसा बंदी लागतेच. धरण पाणी साठवतं, तयार करत नाही, गाळ भरला की साठवतंही कमी. जगात उपसलेल्या पाण्यातलं सत्तर टक्क्यांच्या आसपास शेतीला जातं, त्यामुळं खरी बचत तिथंच आहे. आता कोण म्हणेल शेतकरी उधळतोय. पण पाणीपट्टी बहुतेक ठिकाणी एकरावर ठरते, लिटरवर नाही, वीज बऱ्याचदा रात्री येते, मग माणूस मोटर चालू करून झोपणारच की! त्याला ठिबकचा उपदेश करण्याआधी दिवसा वीज द्या. मोकाट पाण्यानं शिरोळकडं जमिनी क्षारपड झाल्यात, ते नुकसान शेतकऱ्याचंच आहे.

"कोल्हापूरला पूर येतोय." 2019 आठवा. शहराचा मोठा भाग पाण्यात, आणि उपसा केंद्रंच बुडाल्यामुळं नळाला पाणी नाही, टँकरमागं घागरी घेऊन पळत होतो सगळे. पुराचं पाणी चार दिवसात खाली कर्नाटकात जातं, मे महिन्यात उपयोगी पडत नाही.

राहिलं गटाराचं पाणी. नामिबियातलं विंडहोक शहर 1968 पासून सांडपाणी शुद्ध करून नळाला देतंय. सिंगापूर 2003 पासून असं शुद्ध केलेलं पाणी बरंचसं उद्योगांना देतंय आणि थोडं पिण्यासाठी धरणात सोडतंय. इस्रायल जवळपास नव्वद टक्के सांडपाणी शेतीला वापरतंय. आपल्याला प्यायचं नसेल तर राहू दे, कसबा बावड्याला सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहेच, तिथनं निघणारं पाणी नीट शुद्ध करून उसाला दिलं तर नदीतनं तेवढा उपसा कमी होईल. आज कोल्हापूरचं सांडपाणी वाहून नेणाऱ्या जयंती नाल्याचं पाणी जोराचा पाऊस आला की सरळ पंचगंगेत जातं आणि खालची गावं तेच पितात. ह्याला येडेपणा म्हणायचं का नाही ते मेसेज लिहिणाऱ्यानं सांगावं.